बाहेरचे चौघे

"नेतृत्व सुरक्षित राहावे, या दूरदृष्टीने ते स्वतः बाहेर थांबले."

वाक्यात एकही चूक नव्हती. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली आहेत. चूक असती तर ती सुटली नसती. ऱ्हस्वदीर्घ जागच्या जागी, स्वल्पविरामसुद्धा. तरी ते वाचून माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'ते' म्हणजे माझे बाबा, आणि 'दूरदृष्टी' हा शब्द तिथे 'भित्रेपणा' लिहायची लाज वाटली म्हणून आला होता.

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"सेक्रेटरीकाकांनी," ग्रंथपाल म्हणाली. ही पंचविशीतली मुलगी, कामाला चोख आणि बोलायला गोड, त्यामुळे तिच्यावर धड चिडताही येत नाही. "फोटोखाली पितळी पाटी बसवायची आहे ना मावशी, तिचा मजकूर. पन्नास शब्दांच्या आत हवा. खाली दोन सह्या लागतात. एक घरच्यांची, एक समितीची. गुरुवारी दुपारी कोरणारा कागद न्यायला येतो."

समिती म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या आंदोलनाची समिती. तिच्यात आता सेक्रेटरीकाका एकटेच उरले आहेत, त्यामुळे ठराव नेहमी एकमतानं होतात.

फोटो टेबलावर उताणा ठेवलेला होता. वाचनालयाच्या पायऱ्या, पायऱ्यांखाली फुटपाथ आणि फुटपाथवर चौघंजण. मधोमध बाबा, डोक्यावर टोपी, हातात पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यात चष्मे आणि मनगटी घड्याळं, आत गेलेल्या अकरा जणांची. आत मार बसणार हे ठाऊक होतं, म्हणून फुटण्यासारखं जे काही असेल ते बाहेरच्यांकडे देऊन जायची पद्धत होती. त्यांच्या पाठीमागच्या खिडकीतून आत बसलेल्यांच्या माना अंधूक दिसतात.

"आणि हे माझे आजोबा," मुलीनं कडेच्या माणसावर बोट ठेवलं. भट्टीवरून थेट आलेला पाववाला, कमरेचा एप्रनही काढलेला नाही. "शेवटपर्यंत सांगायचे, मी मशीनवाल्यांच्या शेजारी उभा होतो. आमच्या घरी हाच फोटो दारासमोर लावलाय."

मी मान डोलावली आणि कागद पिशवीत कोंबला. त्या क्षणी मला तिच्या आजोबांशी काही देणंघेणं नव्हतं.

मशीनवाले हे बाबांचं नाव पडलं ते त्यांच्या धंद्यावरून. ते शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. आमचं दुकान कालव्यापलीकडे, आणि आम्हीही पलीकडचे. पलीकडच्यांनी वाचनालयातलं पुस्तक मागच्या खिडकीतून घ्यायचं, खोलीत बसून वाचायचं नाही, असा नियम होता. तो पाटीवर लिहिलेला होता आणि पाटी दर दोन वर्षांनी नव्यानं रंगवली जायची, इतकी तिची काळजी. एके दिवशी आमच्यातली अकरा माणसं पुढच्या दारानं आत गेली, टेबलांवर बसली आणि वाचायला लागली. त्यांना ओढून काढलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा जाऊन बसली. असं एकोणीस दिवस चाललं, आणि विसाव्या दिवशी पाटी उतरली. हे सगळं बाबांनी उभं केलं होतं. त्यांनी माणसं जमवली, त्यांना शिकवलं, त्यांच्या घरच्यांची समजूत घातली, वकील शोधला. पुढे दवाखान्याचा लढा झाला, बसचा झाला. बाबा तीनदा तुरुंगात गेले. पण पहिल्या लढ्याच्या पहिल्या दिवशी, जो सगळ्यांत वाईट दिवस होता, ते आत गेले नाहीत. पुढचे अठरा दिवसही नाहीत. लोक बाकी सगळं विसरले, एवढं मात्र पक्कं लक्षात ठेवलं.

शाळेत एका मुलीनं मला ऐकवलं होतं, "तुझे बाबा शेपूट घालून बाहेर उभे होते." मी तिची वेणी धरून तिला बाकाखाली घेतलं. बाबांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. समोर बसवलं आणि विचारलं, "मारल्यावर काय वाटलं तुला?" आमच्या घरात मारामारीनंतर हा प्रश्न ठरलेला असायचा. खरं उत्तर असं होतं की मजा वाटली. मी म्हटलं वाईट वाटलं, आणि ते हसले.

पण मुलगी काय म्हणाली होती, हे ऐकल्यावर ते काही बोलले नव्हते. तो न बोललेला भाग माझ्या डोक्यात राहिला. मला खोडच आहे. पानात एक ओळ गाळलेली दिसली की मूळ प्रत शोधून काढल्याशिवाय मला जेवण जात नाही.

घरी येऊन सेक्रेटरीकाकांना फोन लावला.

"काका, हे काय लिहिलंय तुम्ही?"

"चांगलंच लिहिलंय की," ते म्हणाले. "खरं लिहिलं असतं तर तू सही केली असतीस का?"

"खरं काय आहे मग?"

"खरं एवढंच, की त्या खोलीच्या फरशीवर माझे पुढचे दोन दात पडले तेव्हा तुझे बाबा बाहेर चष्मे सांभाळत होते." कवळी असूनही काकांचा 'द' अजून जरा फुसकतो. "का, ते मला माहीत नाही. तुला माहीत असेल तर तसं लिहून आण. पटलं तर डोळे मिटून सही करीन. नाही तर दूरदृष्टीच राहू दे. चांगला शब्द आहे."

म्हणजे माझ्याकडे तीन दिवस होते. तेवढ्यात कारण सापडलं तर ठीक, नाही तर माझ्या बापाचा भित्रेपणा पितळेत कोरला जाणार, तोही माझ्या सहीनं.

तसं एक कारण मला ठाऊक होतं. माझ्या जन्माच्या आधी बाबा कारखान्यात कामाला असताना मशीनचा पट्टा तुटून त्यांच्या डोक्याला लागला होता. उजव्या कानाच्या वर, कोटाच्या मोठ्या बटणाएवढ्या जागी, हाडच नव्हतं. वर नुसती कातडी. त्यावर टोपी. लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसायचे तेव्हा आई ओरडायची, "उजवीकडे हात नको." डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिथे एक दणका बसला तर खेळ खलास. ही गोष्ट बाबांनी समितीला कधी सांगितली नाही. घरात आईला ठाऊक होती आणि आत्याला. मला वाटलं, झालं, हेच कारण. प्रकृती अस्वास्थ्य. दोन शब्दांत काम. फक्त त्या दिवसाचं कोणीतरी साक्षीला हवं, आणि आई-बाबा तर कधीच गेले.

म्हणून मंगळवारी कामावरून सुटल्यावर मी आत्याकडे गेले.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. शर्टांच्या कारखान्यात कॉलरच्या विभागात तिनं सगळा जन्म काढला, पण तिला कात्री म्हणायचे ते हातातल्या कात्रीमुळे नाही. आजही तोंडाचा पट्टा सुरू झाला की जिन्यात लोक थबकतात. ती दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते. मी गेले तेव्हा खिडकीशी बसून एका शेजाऱ्याच्या शर्टाची झिजलेली कॉलर उसवत होती. अशी कॉलर उलटवून शिवली की शर्ट आणखी दोन वर्षं जातो.

"ये," ती म्हणाली. "वजन वाढलंय तुझं."

मी कागद तिच्या हातात दिला. तिनं चष्मा कपाळावरून नाकावर ओढला, वाचलं आणि परत दिला.

"दातांवाला लिहितो छान," ती म्हणाली.

"आत्या, मी प्रकृतीचं कारण लिहिणार आहे. डोक्याचं. तू तेव्हा होतीस, तू सांग काकांना."

"डोक्यामुळे तो बाहेर राहिला नाही."

"मग?"

तिनं कॉलर बाजूला ठेवली. आत्यानं हातातलं काम ठेवून बोललेलं मी फार कमी वेळा पाहिलंय.

"तालीम आठवते तुला?" तिनं विचारलं.

आठवत होती. आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, उघड्या पडलेल्या मशिनींच्या मधल्या जागेत, आंदोलनाच्या आधी महिनाभर तालीम चालायची. पंधरा माणसं तयार होत होती. दोघादोघांच्या जोड्या, उरलेल्या एकाबरोबर बाबा पुन्हा एकदा. जोडीतला एक खुर्चीवर पुस्तक घेऊन बसायचा, दुसरा पहारेकरी व्हायचा. पहारेकऱ्यानं शिव्या द्यायच्या, खुर्ची हलवायची, मानेवर पाणी ओतायचं, केस ओढायचे. बसलेल्यानं वाचत राहायचं. मग अदलाबदल. एका वेळी खोलीत एकच जोडी, दार बंद. मी दाराच्या फटीला डोळा लावायचे आणि आई मला कानाला धरून ओढून न्यायची.

"तालमीत ज्याचा हात उठला तो आत जाणार नाही, हा पहिला नियम," आत्या म्हणाली. "खोलीत काय झालं ते जोडीबाहेर सांगायचं नाही, हा दुसरा. आणि तिसरा हा, की ज्या दिवशी जायचं त्या सकाळी प्रत्येकानं उभं राहून म्हणायचं, 'मी आत' किंवा 'मी बाहेर'. बस. का, ते कुणी कुणाला विचारायचं नाही. आज नाही, नंतर नाही. तुझ्या बापाचं म्हणणं असं, की भ्यायलेल्या माणसाला मानानं बाहेर राहता आलं पाहिजे, नाही तर तो लाजेपायी आत येईल आणि तिथे हात उचलेल."

"आणि बाबांची जोडी कोण होतं?"

"कोण असणार? त्याला शिव्या द्यायची हिंमत आणखी कुणात होती?"

मला हसू आलं. तिला नाही आलं.

"शेवटच्या आठवड्यात पाच दिवस मी त्याला झोडत होते," ती म्हणाली. "मी नाही नाही ते बोलले. पाणी ओतलं. खुर्चीसकट पाडलं, डाव्या अंगावर, डोकं सांभाळून. हा उठतो, खुर्ची सरळ करतो, पान शोधतो आणि वाचतो. मला एवढंच दिसत होतं की हा आत जाणार. कुणीतरी काठी फिरवणार. टोपी पडणार. आणि माझा भाऊ त्या चकचकीत फरशीवर मरणार. मी वहिनीला सांगून पाहिलं, तिनं त्याला सांगून पाहिलं, तो म्हणाला माणसं माझ्या शब्दावर येतायत आणि मी घरी बसू? मग माझ्या डोक्यात आलं. याचा हात उठला तर याचाच नियम याला अडवेल."

बाहेर डेपोतून बस निघाल्याचा आवाज झाला. मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसते तेव्हा समजावं की तिला खरंच ऐकायचंय.

"सहाव्या दिवशी मी आईचं काढलं," आत्या म्हणाली. "आमची आई दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली, माहीत आहे ना तुला. पलीकडच्यांना आत खाट नव्हती. खाट मिळावी म्हणून हा कारखान्याच्या मालकाकडे चिठ्ठी मागायला गेला. मालक जेवत होता. हा मागच्या दाराशी थांबला. चिठ्ठी घेऊन आला तोवर आई संपली होती. या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नव्हतो. एक अक्षर नाही. त्या दिवशी मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, आई मरत होती आणि तू हात जोडून दुसऱ्याचं जेवण संपायची वाट बघत उभा होतास. तू आत बसून काय दिवे लावणार?"

"आणि?"

"आणि मारली मला. अशी, उलट्या हातानं." तिनं आपल्या गालाकडे हात नेला पण लावला नाही. "मशीनवर जाऊन आदळले मी."

ज्यांनी जन्मात कुणावर हात उगारला नाही असं सगळे सांगतात, त्यांनी सख्ख्या बहिणीला मारलं होतं. मला धक्का बसला, हे कबूल करते. पण त्याच्या मागोमाग, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. कारण सापडलं होतं. बाबा घाबरले नव्हते.

"मला वाटलं होतं, जिंकले," आत्या म्हणाली. "पण त्याचा चेहरा बघितला आणि माझं पाणी झालं. मी लगेच म्हटलं, दादा, मी मुद्दाम बोलले रे, तुझ्या डोक्यासाठी बोलले, हे धरू नकोस. तो खाली बसला. ज्या हातानं मारलं तो हात मांडीखाली दाबून बसला. म्हणाला, तू मुद्दाम बोललीस गं, पण मी मुद्दाम नाही मारलं. तो हात आपोआप उठला. तिथे तर सगळे मुद्दामच बोलणार आहेत."

तिनं चष्मा काढून पदरानं पुसला.

"दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला उभा राहिला तोच. 'मी बाहेर.' खोलीत सगळे दगड झाले. मग पाववाला उभा राहिला. बिचाऱ्याचे पाय इतके लटपटत होते की टेबलाला धरून होता. म्हणाला, मी बाहेर. मग नुकतं लग्न झालेली एक मुलगी होती, ती. मग टपालवाला. चौघं बाहेर, अकरा आत. त्या अकरांत मी. माझा चष्मा त्याच्याच हातात देऊन गेले. चार तास तोंडातून शब्द काढला नाही मी, केस ओढून ओढून त्यांचे हात दुखले. त्या दिवशी मी गप्प बसले हे अजून कुणाला खरं वाटत नाही."

"तू सांगितलं का नाहीस कुणाला? लोक त्यांना काय काय बोलले."

"सांगणार होते. पहिल्याच आठवड्यात कुजबुज सुरू झाली, तेव्हा मी म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर उभी राहते आणि सांगते. त्यानं मला दुकानात बसवलं. म्हणाला, मी कारण दिलं की पाववाल्याला कारण द्यावं लागेल. त्याच्याकडे आहे का?"

मी कागदाची घडी घालून तो पिशवीत ठेवला.

"पुढे दवाखान्याच्या वेळी तो आत गेला," ती म्हणाली. "दीड वर्ष तालीम केली आधी. खांद्यावर खाल्लं, डोकं वाचलं. त्या वेळी मला जोडीत घेतलं नाही."

"आत्या, मी हे लिहू?"

"कशाला विचारतेस? मी काही पुन्हा तरुण होणार नाही, की माझं लग्न मोडणार नाही. मला फक्त मरायच्या आत कुणाला तरी सांगायचं होतं. आता तुझं तू बघ." तिनं कॉलर पुन्हा हातात घेतली. "लिहिलंस तर बहीण म्हणून लिही. कात्री लिहू नकोस."

दोन दिवस मी तो मजकूर घासत होते. छापखान्यात समोर दुसऱ्याच कुणाची मुद्रितं आणि मनात पन्नास शब्द. शेवटी सत्तेचाळिसांत बसलं. 'तालमीत ज्याचा हात उठला त्याने आत जायचे नाही, हा त्यांचाच नियम. आदल्या दिवशी त्यांचा हात बहिणीवर उठला. म्हणून, भीतीने नव्हे, तर स्वतःच्या नियमाने ते बाहेर थांबले,' वगैरे. मला माझं लिखाण सहसा आवडत नाही. हे आवडलं. 'भीतीने नव्हे' हे दोन शब्द मी तीनदा खोडले आणि तीनदा परत घातले. पाववाल्याचं मनात आलं नाही असं नाही. पण म्हटलं, ते तेव्हाचं. आता कोण उरलंय लाजायला?

गुरुवारी दुपारी वाचनालयात गेले. खोली भरलेली होती. ज्या टेबलांवरून आमच्या माणसांना ओढलं त्याच टेबलांवर परीक्षेची मुलं माना घालून बसली होती. काही पलीकडची, काही अलीकडची, बघून सांगता येत नव्हतं. सेक्रेटरीकाका अजून आले नव्हते. मी कागद ग्रंथपाल मुलीला दिला.

तिनं उभ्यानंच वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. तिचा चेहरा उजळला.

"म्हणजे ते घाबरले नव्हते," ती म्हणाली. "मला वाटतच होतं. किती मोठी गोष्ट आहे मावशी ही."

"हो ना," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं.

ती फोटोकडे वळली. फोटोला आता चौकट बसली होती. ती बघत राहिली, आणि मला दिसलं की तिची नजर मधून कडेला सरकली.

"मग आजोबांचाही हात उठला असेल का हो तालमीत?" तिनं विचारलं. "तसे ते शांत होते. आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. पण उठला असेल एखादे वेळी. नाही तर ते का..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांची अपुरी वाक्यं पुरी करून दिली आहेत. हे मला करता आलं नाही. चाळीस वर्षांपूर्वी बाबांनी दुकानात बसून जे सांगितलं होतं ते तसंच्या तसं माझ्यासमोर घडत होतं. माझे 'भीतीने नव्हे' हे दोन शब्द पितळेवर गेले असते, आणि दारासमोर लावलेल्या त्या फोटोत एक भ्यालेला माणूस उरला असता. तो फोटो तिनं उतरवला नसता कदाचित. पण पाहुण्यांना त्यावर बोट ठेवून दाखवलाही नसता.

"मावशी?" ती म्हणाली.

"कोण का बाहेर राहिलं ते विचारायचं नाही, असा त्यांचा नियम होता," मी म्हटलं. "कुणीच कुणाला विचारायचं नाही. कधीच."

"तुमच्या बाबांना पण नाही?"

"नाही."

मी तिच्या हातातून कागद परत घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. मला राग आला होता. बाबांचा, स्वतःचा, त्या पाववाल्याचासुद्धा. बापाची अब्रू हातात आलेली असताना ती आपल्याच हातानं खाली ठेवायची, हे मला मुळीच सोपं गेलं नाही, आणि मी तसं दाखवणारही नाही. पण लिहिलं.

'पहिल्या दिवशी पंधरा जण इथे आले. अकरा आत बसले. चौघे बाहेर उभे राहिले आणि त्यांनी आतल्यांचे चष्मे व घड्याळे सांभाळली. आत जायचे की बाहेर राहायचे हे ज्याचे त्याने ठरवले. त्याचे कारण कोणी कोणाला विचारायचे नाही, असा नियम होता. तो नियम मशीनवाल्यांनी केला आणि सर्वांच्या आधी स्वतः वापरला.'

सेक्रेटरीकाका आले तेव्हा कोरणारा बाहेर बाकावर बसलेला होता. काका धापा टाकत खुर्चीत टेकले, कागद हातभर लांब धरून वाचला.

"यात कारण नाहीच," ते म्हणाले.

"नाही."

"तुला कळलं?"

"कळलं."

"मग सांग की."

"नाही सांगणार, काका."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता भांडण होणार, आणि खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. तेवढाच राग निघाला असता. मुलीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही.

"म्हणजे तो भित्रा होता की नव्हता, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही."

"कुणाचंच कळणार नाही," मी म्हटलं. "चौघांतल्या कुणाचंच."

काकांनी कागद पुन्हा वाचला. ओठ हलवत, एकेक शब्द. शेवटच्या वाक्याशी ते थांबले आणि तिथेच राहिले. टेबलावरच्या एका मुलानं पान उलटलं. काका बोलले ते इतकं हळू, की मला पुढे वाकावं लागलं.

"त्या सकाळी मी म्हणणार होतो, 'मी बाहेर'."

मुलीनं हातातला ग्लास टेबलावर ठेवला.

"रात्रभर घोकलं होतं. दोनच तर शब्द. मी उठायला हात टेकले, आणि तेवढ्यात तो उभा राहिला. तो बोलला आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आता आत कोण नेणार म्हणून. पुढारी बाहेर, वर सेक्रेटरीही बाहेर, असं कसं म्हणू? पाववाला म्हणाला. ती नव्या लग्नाची मुलगी म्हणाली. माझ्या तोंडातून निघेचना." त्यांनी हातरुमालानं तोंड पुसलं. "दातांचं मला काही नव्हतं गं. दात काय, पुढे पडलेच असते. तो माझ्या आधी बोलला, याचा राग होता. चाळीस वर्षं."

कोरणाऱ्यानं दारातून डोकावून विचारलं, झालं का. मुलीनं त्याला हातानं थांबवलं.

काकांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि आपली सही केली. मग पेन माझ्याकडे सरकवलं.